नेपाळच्या वाटेवर पांढुर्ण्याची बस

स्मरणिकेसाठी आम्ही आपल्या नेपाळ-प्रवासावर काही लिहून द्यावे, असा संपादक-बंधूंचा आग्रह गेली तीन वर्षे चालू आहे. आम्ही धान्याचे ठोक व्यापारी. आमचे लिखाण म्हणजे रोजमेळ आणि खातेवही, आणि शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. शिवाय त्या प्रवासात जो मुख्य घोटाळा झाला तो आमच्याच हट्टापायी झाला, ही गोष्ट बरोबरच्या सर्व मंडळींना ठाऊक असल्याने ती छापून आणण्याची आम्हांस विशेष हौस नव्हती. परंतु गेल्या पर्युषणात, क्षमापनेच्या दिवशी, बसमधील एका बंधूंनी हसत हसत विचारले, "काकाजी, तो नोटांचा हिशेब लिहिला की नाही?" तेव्हा हा लेख लिहावयास घेतला आहे.

सन २०१९ च्या फेब्रुवारीत पांढुर्णा व सौसर येथील आम्ही सत्तावीस जण एक बस ठरवून नेपाळास गेलो. त्या वेळी ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात होती. पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा २०२३ साली झाला. फेब्रुवारीच का, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. कापूस व तुरीची गर्दी ओसरलेली असते आणि गहू-हरभऱ्याच्या आवकेस अवकाश असतो. दुकान मुलांवर सोपवून दहा-बारा दिवस बाहेर पडता येते. बरोबर अकरा भगिनी होत्या, दोन लहान मुले होती आणि एक आचारी होता. बसच्या मागच्या भागात शेगड्या, पीठ, डाळ-तांदूळ, खाकरे, लाडू आणि मृग बहाराच्या संत्र्यांच्या दोन पेट्या. कांदा-बटाटा नाही हे ओघाने आलेच. बेत असा होता की जबलपूर-वाराणसी-गोरखपूर या वाटेने सुनौलीस सीमा ओलांडावी, लुंबिनी व काठमांडू पाहावे, आणि परतताना वीरगंज-रक्सौलकडून बिहारात उतरून पावापुरी व राजगीर ही क्षेत्रे करावीत. खरे सांगावयाचे तर निम्म्या मंडळींचे लक्ष काठमांडूपेक्षा पावापुरीच्या जलमंदिराकडेच लागलेले होते. आमचेही.

खजिनदारीचे काम आमच्याकडे आले. निघण्यापूर्वी आठ दिवस आमच्या पुतण्याने, जो नागपुरास शिकून आला आहे व दुकानात आमच्या शेजारी बसतो, वर्तमानपत्रातील एक बातमी पुढे केली. नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा, म्हणजे दोनशे, पाचशे व दोन हजारांच्या, आपल्या देशात चालविण्यास मनाई केली होती. निर्णय डिसेंबर २०१८ चा. तेथील राष्ट्र बँकेचे परिपत्रक जानेवारीत निघाले होते. आम्ही त्यास म्हणालो, "आपल्या रिझर्व्ह बँकेने माणशी पंचवीस हजारांपर्यंत मोठ्या नोटा नेपाळात नेण्याची मुभा दिलेली आहे. ती बातमी मीही वाचली आहे." आमचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र नोट आपल्या देशातून बाहेर नेता येणे निराळे आणि दुसऱ्याच्या देशात ती चालणे निराळे, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षे व्यापार करूनही आमच्या ध्यानात आली नाही. प्रत्येकाकडे पाचशेच्या नोटा राहिल्या. शंभराच्या नोटा सर्वांच्या मिळून सात हजारांच्याही नव्हत्या.

३ फेब्रुवारीस पहाटे पांढुर्ण्याहून निघालो. दुसऱ्या दिवशी मौनी अमावास्या होती आणि प्रयागराजास कुंभाचे मोठे स्नान. ती गर्दी टाळावी म्हणून आम्ही रीव्याहून मिर्झापूरचा रस्ता धरला, तर आमच्याप्रमाणेच गर्दी टाळणारी हजारो वाहने त्याच रस्त्यावर. पाच तास बस जागची हलली नाही. आचाऱ्याने रस्त्याकडेच्या बांधावर शेगडी मांडून खिचडी केली, ती पुढच्या-मागच्या ट्रकवाल्यांनीही खाल्ली. सौसरचे एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "आपल्या गोटमारीच्या दिवशी जांब नदीच्या पुलावर इतकी गर्दी असते, पण ती निदान सायंकाळी घरी जाते." वाराणसीस भेलूपूर येथे पार्श्वनाथ भगवंतांच्या जन्मस्थानी दर्शन झाले आणि सर्वांचा शीण गेला. ६ तारखेस रात्री सुनौलीस मुक्काम.

सुनौलीस सीमेच्या अलीकडे पैसे बदलून देणारे ओळीने बसलेले असतात. भारतीय एका रुपयास नेपाळी एक रुपया साठ पैसे हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. तथापि पाचशेची नोट पाहताच त्यांनी शेकड्यास बट्टा सांगितला. पुतण्या म्हणाला, "काकाजी, द्या. येथून पुढे ही नोट कागद होईल." परंतु बट्टा म्हटला की आमच्यासारख्याचे मन आक्रसते. पोत्यामागे पावशेर तूट आली तर आम्ही हमालाशी वाद घालणारे. चांगल्या कोऱ्या नोटेवर बट्टा का द्यावा? पुढे मोठ्या गावात कोणी व्यापारी सरळ भावाने घेईल, असे म्हणून आम्ही पुढे झालो. सत्तावीस जणांच्या वतीने हा निर्णय आम्ही एकट्याने घेतला, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

सीमेवर आणखी एक गंमत घडली. आमच्यातील एका बंधूंनी केवळ आधार कार्ड आणले होते, कारण वृद्धांस ते चालते असे त्यांनी ऐकले होते. सवलत पासष्ट वर्षांवरील लोकांस होती आणि हे त्रेसष्टचे. आपण अद्याप पुरेसे म्हातारे नाही याचे दुःख झालेला दुसरा माणूस आम्ही पाहिला नाही. शेवटी त्यांचे मतदार ओळखपत्र त्यांच्या पत्नीच्या पिशवीत, सुपारीच्या डबीखाली सापडले. पलीकडे बेलहियास जकातीला 'भन्सार' म्हणतात. बसचा दिवसवार कर भरून, परवाना घेऊन बाहेर पडलो तोवर अकरा वाजले होते. नेपाळी घड्याळात सव्वा अकरा, कारण तेथील वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे आहे.

या पाव तासाने पुढे बसमध्ये दोन पक्ष पाडले. ज्यांचा चौविहार होता त्यांनी सूर्यास्त कोणत्या घड्याळाने धरावा? एका वयोवृद्ध भगिनींनी निकाल दिला की सूर्याने घड्याळ बांधलेले नाही, तो मावळला की मावळला. आणि तो लवकर मावळे. पांढुर्ण्यास त्या दिवसांत सहा वाजून गेले तरी उजेड असतो. येथे आपल्या घड्याळात साडेपाच वाजून जेमतेम गेले की अंधार पडू लागे. पंचांगातील वेळ पांढुर्ण्याची असल्याने पहिल्या दिवशी चौघांचे जेवण हुकले.

लुंबिनीस सम्राट अशोकाचा स्तंभ पाहिला. त्यावरील ब्राह्मी लेखात, येथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला म्हणून या गावाचा कर माफ केला व धान्याचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, असे कोरलेले आहे. बाकीची मंडळी पुष्करिणीकडे गेली, तरी आम्ही व आमचे दोन व्यापारी बंधू त्या लेखाच्या फलकापाशी उभे होतो. बावीसशे वर्षांपूर्वीचा राजा तीर्थाला येतो आणि दगडावर धान्यावरील कराचा दर कोरून जातो, हे आम्हांस फार आवडले.

भैरहवा, बुटवल मागे टाकून आम्ही नारायणगढच्या रस्त्यास लागलो. लिपी देवनागरीच असल्याने सर्व पाट्या वाचता येत होत्या, आणि त्यामुळेच फसगत होत होती. दर दहा पावलांवर 'किराना पसल' अशी पाटी. आम्ही ती 'फसल' वाचून समजत होतो की या देशात दुकानोदुकानी पीक विकत घेतात. 'पसल' म्हणजे दुकान, हे पुतण्याने एका मुलास विचारून सांगितले.

बर्दघाट नावाचे गाव ओलांडले की दाउन्नेचा घाट लागतो. चढणीवर दुसऱ्याच वळणाला बसमध्ये जळका वास भरला आणि बस उभी राहिली. क्लचची प्लेट जळाली होती. मागे ट्रकांची रांग, एका बाजूस साल वृक्षांचे रान, दुसऱ्या बाजूस दरी, आणि ऊन उतरू लागलेले. अर्ध्या तासाने एका ट्रकवाल्याने दोर लावून, ब्रेक धरीत धरीत, बस परत बर्दघाटास आणून सोडली. त्याने मजुरी मागितली. आम्ही पाचशेची नोट काढली. त्याने ती उलटसुलट करून परत दिली आणि हात पसरून तसाच उभा राहिला. त्या क्षणी आमच्या पोटात जो गोळा उठला, तो आजही आठवतो. शंभराच्या नोटा भन्सार, लुंबिनी आणि चहापाण्यात संपत आल्या होत्या. तिघा तरुणांकडे बँकेची कार्डे होती. ती यंत्रात घालून पाहिली, परंतु देशाबाहेर वापरण्याची सोय कोणीच करून घेतलेली नव्हती. यंत्राने तिन्ही परत केली. सत्तावीस माणसांच्या खिशांत मिळून लाखांवर रुपये होते आणि ट्रकवाल्याची मजुरी देण्यास पैसा नव्हता. कोणी आम्हांस बोल लावला नाही. पुतण्याने तर आमच्याकडे पाहिलेही नाही, आणि त्याचे ते न पाहणेच अधिक लागले.

जेथे बस थांबली होती तेथे समोरच धानाची एक लहान गिरणी व तिला लागून किराण्याचे दुकान होते. दारात पोती रचलेली, ओळखीचा वास, ओळखीची धूळ. दुकानाचे मालक पन्नाशीचे, डोक्यावर ढाका टोपी. गाव त्यांना 'साहुजी' म्हणे. आपल्याकडे 'चोर' शब्दासमोर जो 'साव' उभा असतो, तोच हा साहू. ते बाहेर येऊन काय झाले म्हणून विचारू लागले. त्यांचे हिंदी कामापुरते, आमचे नेपाळी शून्य. बोलणे अडले तसे आमचे लक्ष सवयीने उघड्या पोत्यांकडे गेले. एका पोत्यात नाचणी होती. आम्ही मूठभर उचलून म्हणालो, "नाचणी चांगली आहे." ते म्हणाले, "कोदो." आम्ही म्हणालो, "कोदो नव्हे. कोदो आमच्याकडे पातालकोटात होतो, तो निराळा." ते हट्टाने म्हणाले, "कोदो." तेव्हा कळले की नेपाळीत नाचणीलाच कोदो म्हणतात. दोन म्हाताऱ्यांनी एका मुठीवर असा वाद घातल्यावर ओळख व्हावयास आणखी काय लागते? त्यांनी माना-पाथीचे माप दाखविले: आठ मान्यांची पाथी, वीस पाथींची मुरी. आम्ही बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी सांगितली. मग त्यांनी स्वतः जाऊन ट्रकवाल्याची मजुरी चुकविली. आम्ही न मागता.

त्या रात्रीची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. साहुजींनी गिरणीचे कोठार झाडून घेतले, पोत्यांच्या थप्प्या एका बाजूस सारल्या, बारदाना अंथरला. भगिनींची व मुलांची सोय घरात झाली. साहुनींनी सत्तावीस माणसांचा दाल-भात रांधावयास घेतला, आणि येथे दुसरा पेच आला. सूर्य केव्हाच मावळला होता, आणि भाजीत बटाटा. ज्या घराने आसरा दिला त्या घरचे अन्न नाकारावयाचे कसे? आमच्या पत्नी आत गेल्या व हातवारे करून, सूर्याकडे बोट दाखवून, जमिनीखालचे खात नाही असे सांगू लागल्या. आम्हांस वाटले, आता या बाई दुखावणार. परंतु त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या आपल्या सासूकडे बोट केले. त्या महिनाभर एकभुक्त होत्या. नेपाळात पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत घरोघरी रोज सायंकाळी स्वस्थानी देवीच्या कथेचा एकेक अध्याय वाचतात आणि पुष्कळ स्त्रिया व्रत धरतात. व्रत काय असते हे त्या घरात कोणास समजावून सांगावयास नको होते. साहुनींनी बटाट्याची भाजी बाजूस ठेवली, सकाळसाठी तांदूळ निराळे काढले, पाणी उकळून झाकून ठेवले. मग दिवा लावून त्या रात्रीचा अध्याय वाचला गेला. आमच्या भगिनी भोवती बसल्या होत्या. शब्द अर्धे कळत होते. मध्येच 'सती', 'महादेव', 'दक्ष' असे ओळखीचे नाव आले की माना हलत.

मध्यरात्रीनंतर सौसरच्या एका वृद्ध भगिनींस थंडी वाजून ताप भरला. साहुजी स्वतः मोटारसायकलवर जाऊन डॉक्टरांस घेऊन आले. फी त्यांनी दिली. सकाळी बुटवलहून मिस्त्री आला. त्यास सुट्या भागाचे पैसे आगाऊ हवे होते, तेही त्यांनीच दिले. दुपारी तीनच्या सुमारास बस चालू झाली तेव्हा आम्ही हिशेब मांडला. ट्रक, मिस्त्री, क्लच प्लेट, डॉक्टर, औषधे, जेवणाचे सामान, आणि काठमांडूपर्यंतचे डिझेल व वाटखर्च यांसाठी रोख, असे मिळून चाळीस हजार नेपाळी झाले. भारतीय पंचवीस हजार. रिझर्व्ह बँकेचा तोच आकडा, जो आम्ही पुतण्यास ऐकविला होता.

आमच्या पत्नींनी हातातील दोन बांगड्या काढून पुढे ठेवल्या. साहुजींनी त्या हाताच्या पंजाने परत सरकविल्या. म्हणाले, "सोने ठेवून घेतले तर मला राखण करीत बसावे लागेल. परत याल तेव्हा द्या." आम्ही नाव-गाव लिहून देऊ लागलो. त्यांनी वहीत काही खरडले आणि वही मिटली. जाताना आम्ही संत्र्यांची एक पेटी उतरवून दिली. साहुनी म्हणाल्या, "सुन्तला!" आमच्याच शब्दाने नेपाळी पोशाख केलेला.

काठमांडूचे वर्णन पुस्तकांतून सर्वांनी वाचलेले असते, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१५ च्या भूकंपाच्या खुणा तेव्हा जागोजागी दिसत होत्या; धरहरा मनोरा पुन्हा बांधावयास काढलेला होता आणि काष्ठमंडप उभा नव्हता. भक्तपूरला दत्तात्रेयाचे लाकडी मंदिर पाहून मराठी मनास जो आनंद होतो तो झाला. कमलपोखरी येथील जैन मंदिरात गेलो. तेथे श्वेतांबर व दिगंबर अशी दोन्ही मंदिरे एकाच वास्तूत आहेत. श्वेतांबर परंपरा सांगते की पाटलिपुत्रास आगमवाचना भरली तेव्हा आचार्य भद्रबाहू नेपाळात ध्यानसाधनेत होते आणि स्थूलभद्र पूर्वांचे ज्ञान घेण्यासाठी त्यांच्याकडे इकडे आले. दिगंबर परंपरेत भद्रबाहू दक्षिणेस श्रवणबेळगोळला गेले. हा वाद बसमध्ये मुगलिंगपासून चालू होता. या वास्तूच्या जिन्यात तो थांबला, कारण चढताना सर्वांनाच दम लागला.

१० तारखेस वसंत पंचमी होती. स्वयंभूच्या टेकडीवर सरस्वतीच्या मंदिरापाशी शेकडो विद्यार्थी भिंतीवर खडूने अक्षरे लिहीत होते. विद्या यावी म्हणून तशी तेथे प्रथा आहे. आमच्यातील सहा वर्षांच्या मुलास कोणी खडू दिला. त्याने अ, आ, इ लिहिले. शेजारच्या नेपाळी मुलीने पुढे ई, उ, ऊ लिहिले. दोघांनी एकमेकांकडे एकदाही पाहिले नाही.

पैशाची सोय तोवर झाली नव्हती. शनिवार ही तेथील साप्ताहिक सुटी, रविवारी आपल्याकडील बँका बंद. राहण्याचे पैसे निघण्यापूर्वीच पोचते केलेले असल्याने निभावले. सोमवारी आमच्या मुलाने घरून बँकेत खेपा घालून पुतण्याचे कार्ड परदेशी वापरासाठी सुरू करून घेतले, आणि दोन दिवस थोडे थोडे काढून चाळीस हजार नेपाळी जमले. आज हा त्रास उरलेला नाही. २०२४ पासून तेथील दुकानदारास आपल्या मोबाइलवरून पैसे देता येतात. परंतु आम्ही २०१९ चे प्रवासी होतो.

१२ तारखेच्या रात्री मुक्कामी बैठक झाली. परतीची वाट नारायणगढपर्यंत एकच. तेथून पूर्वेस वीरगंज, पश्चिमेस बर्दघाट. बस बर्दघाटास न्यावयाची तर जाऊन-येऊन दिवस मोडणार, परवान्याची मुदत संपणार आणि पावापुरी सोडावी लागणार. एक बंधू म्हणाले, "घरी गेल्यावर बँकेमार्फत पाठवू. बुडविणार थोडेच आहोत?" हे म्हणणे गैर नव्हते. दुसरे म्हणाले, "पत्ता कोठे आहे आपल्याजवळ?" आणि खरोखरच नव्हता. त्यांनी आमचे नाव लिहून घेतले असेल, या समजुतीत आम्ही त्यांचे विचारले नव्हते. ज्या वृद्ध भगिनींस ताप आला होता त्या म्हणाल्या की त्या स्वतः बर्दघाटास येतील, पावापुरी पुढच्या भवात पाहतील. तेव्हा मुलेदेखील गप्प झाली.

आम्ही सांगितले की बस ठरल्या वाटेने जाईल. चूक एकाची आहे, तो जाईल. पुतण्या म्हणाला, "काकाजींना नेपाळी येत नाही. मी बरोबर जातो." त्यासही नेपाळी येत नव्हते. आमच्या पत्नी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमचे दोन सदरे, धोतर, दंतमंजन आणि खाकऱ्यांचा पुडा निराळ्या पिशवीत भरून ठेवला होता. कधी भरला होता कोण जाणे.

नारायणगढास आम्ही दोघे उतरलो. बस वळणाआड जाईपर्यंत मागच्या काचेतून हात हलत होते. आम्ही स्थानिक मोटारीत, कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी उभे राहून, दाउन्नेचा तोच घाट उतरून बर्दघाटास पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पैसे आतल्या खिशात होते; वाटेत आम्ही ते बारा वेळा तरी चाचपले असतील.

साहुजी दुकानात नव्हते. परासीस कोणाचे लग्न होते. गल्ल्यावर त्यांची सून होती. तिने आम्हांस ओळखले व वही काढली. पान उलटता उलटता तिचे बोट थांबले. आम्ही वाकून पाहिले. तेथे आमचे नाव नव्हते, आमच्या दुकानाचे नव्हते. तारखेखाली, संवत २०७५, माघ २५, एवढेच लिहिलेले: 'पाँढुर्ना बस'. आणि पुढे चाळीस हजार. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. आम्ही घरी गेलो असतो, आणि पाठविले नसते, तर त्या वहीत आमच्या गावाच्या नावावर ही रक्कम उभी राहिली असती.

सुनेने नोटा दोनदा मोजल्या. मग गल्ल्यातून पाचशे नेपाळी काढून आमच्या हातावर ठेवले. डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेची फी घेतली नव्हती, ती जमेस धरावयाची राहिली होती. आम्ही नको म्हणालो. तिने नोंदीसमोर पाचशे जमा लिहून मगच रेघ मारली. परसात संत्र्यांच्या साली वाळत घातलेल्या होत्या आणि एका डब्यात बिया मातीत पुरलेल्या. त्या उगवल्या की नाही हे पुढे विचारावयाचे राहून गेले.

संध्याकाळी साहुजी आले. पैसे पोचले, हे सुनेने सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान हलविली आणि आम्हांस विचारले, तुमच्याकडे तुरीचा भाव काय आहे? आम्ही सांगितले की सरकारी हमीभाव क्विंटलला पाच हजार सहाशे पंच्याहत्तर आहे, पण बाजार त्याच्या खालीच चालतो. त्यांनी मसुराचे सांगितले. या बोलण्यात शेवटची मोटार निघून गेली व आम्हांस पुन्हा त्याच कोठारात निजावे लागले. या खेपेस जेवण दिवस असतानाच झाले.

आम्ही गोरखपूरहून रेल्वेने घरी आलो. मंडळी पावापुरी, राजगीर करून चार दिवसांनी आली. पत्नींनी जलमंदिराच्या तळ्यातील कमळांचे वर्णन आम्हांस इतक्या वेळा ऐकविले आहे की आमच्या डोळ्यांसमोर ते उभे राहते. आमचे जाणे अद्याप झालेले नाही.

बर्दघाटाहून निघताना या खेपेस मात्र आम्ही पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक लिहून घेतला आणि आपला दिला. सन २०२० च्या मार्च महिन्यात सीमा बंद झाली, तेव्हा त्यांचा फोन आला होता. आमच्या भगिनींची, ताप आलेल्या त्या आजींची, चौकशी केली. तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास येतो. मक्याचा भाव विचारतात, कोदोचा सांगतात. आमचे नाव आता त्यांना पाठ आहे. तरी फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न तोच असतो: "पांढुर्णा बस?" आणि आम्ही "हो, हजूर," म्हणून उत्तर देतो.